पाणी गेले कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या भागातील दोन गृहस्थ एका ट्रॅक्टरचा तंटा घेऊन माझ्याकडे आले. एक ट्रॅक्टरचे मालक व दुसरा त्यांचा नेहमीचा मिस्त्री. एका वर्षात इंजिनाचे हेड गॅस्केट तीनदा गेले होते. मालकांचे म्हणणे, मिस्त्रीने हलका माल घातला. मिस्त्रीचे म्हणणे, मालकांचा मुलगा इंजिन तापले तरी नांगर सोडीत नाही. दोघांचेही आवाज चढलेले. मी कोणताच निवाडा दिला नाही. एवढेच विचारले, "पाणी कुठे जाते, हे कुणी पाहिले काय?" दोघेही एकमेकांकडे पाहू लागले आणि गप्प झाले.

हा प्रश्न माझ्या बुद्धीचा नव्हे. तो मी परदेशी एका गॅरेजवाल्याकडून शिकलो. आणि शिकण्यापूर्वी त्या भल्या माणसावर माझ्या मौनाने अन्याय होऊ दिला. ती हकीकत आजवर मी कुठे लिहिली नव्हती. परंतु त्या दोघांना वाटेला लावल्यावर मला राहवेना. म्हणून वाचकहो, आज ती तुमच्यापुढे ठेवतो.

२०१३ ते २०१७ अशी चार वर्षे मी इंग्लंडच्या मध्यभागातील एका लहानशा शहरात सहायक धर्मगुरू म्हणून काम करीत होतो. तो प्रदेश म्हणजे मोटारींचे माहेरघर. कॉव्हेंट्री जवळच. घरोघरी कोणी ना कोणी मोटारीच्या कारखान्यात राबलेले. मिस्सा संपल्यावर सभागृहात चहा असे, आणि चहाच्या पेल्याभोवती हवापाण्याच्या खालोखाल गोष्टी चालत त्या गाड्यांच्याच.

त्या धर्मग्रामात एक निवृत्त हेडमास्तर होते. वय सत्तरीच्या आसपास, ताठ चालणे, शब्द मोजून बोलणे. त्यांना एकच शौक होता, तो म्हणजे एक उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार. तिचे व तिच्या कारखान्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. गाडी जुनी, पण आरशासारखी पुसलेली. इंजिन पुढे नसून आसनांच्या पाठीमागे, आणि रेडिएटर मात्र पार पुढे, नाकापाशी. या मांडणीने गाडीचे वजन मध्यावर येते व ती वळणावर रस्ता सोडीत नाही. तथापि त्यासाठी एक किंमत मोजावी लागते. इंजिनातील तापलेले पाणी गाडीच्या पोटाखालून दोन लांब नळ्यांतून पुढे न्यावे लागते आणि निववून परत आणावे लागते. या दोन नळ्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

आता गॅस्केट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या घरच्या कुकरच्या झाकणात रबरी रिंग असते. ती सैल झाली की वाफ बाहेर फुसफुसते व डाळ शिजत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. खालचा भाग ब्लॉक, त्यात सिलिंडर. वरचे झाकण म्हणजे हेड. आणि दोहोंमध्ये दबून बसणारी पातळ चकती ती हेड गॅस्केट. मात्र कुकरच्या रिंगेला फक्त वाफ अडवायची असते. हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन शेजारी वेगळे ठेवावे लागतात. एक, सिलिंडरातला जाळ, जो क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो आणि हवेच्या दाबाच्या ५० पट व त्याहूनही अधिक जोराने रेटतो. दुसरे, इंजिन थंड राखणारे पाणी. तिसरे, वंगणाचे तेल. हे तिघे एकमेकांत मिसळले की इंजिनाचा घात झालाच म्हणून समजावे. तेलात पाणी गेले तर तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट फेस जमतो. सिलिंडरात पाणी गेले तर सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. जाळ पाण्यात शिरला तर पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात.

गॅस्केट स्वतः होऊन क्वचितच जाते. इंजिन तापते, हेडचा अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगतो, हेड किंचित वाकते, आणि मधल्या चकतीवरचा दाब एका जागी कमी पडतो. तेवढ्या फटीतून जाळ आपली वाट काढतो. ही फट डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्री हेडवर पोलादी सरळपट्टी आडवी धरतो आणि तिच्याखाली पातळ पाती सरकवून पाहतो. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा बाक आढळला तरी बहुतेक हेडे यंत्रावर घासून सपाट करावी लागतात.

हेडमास्तरांच्या गाडीचे गॅस्केट पहिल्यांदा गेले ते २०१४ च्या एप्रिलात. गाडी दुरुस्तीला गेली ती आमच्याच धर्मग्रामातील एका पोलिश तरुणाकडे. पोलंडहून आलेली कितीतरी कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली आहेत. हा तरुण रेल्वेच्या पुलाच्या कमानीखाली दोन गाड्या मावतील एवढे गॅरेज चालवी. बायको, दोन लहान मुले, कर्ज काढून घेतलेली लिफ्ट, आणि तोंडावर कायम एक ओशाळे हसू. त्याने हेड उतरवले, यंत्रावर फेस करून आणले, नवे गॅस्केट व नवे बोल्ट घातले, मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बोल्टांकडे ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले, पाणी भरले, नळ्यांतली हवा काढली. हेडमास्तर प्रसन्न झाले.

ऑगस्टात गॅस्केट पुन्हा गेले. या वेळी हेडमास्तरांच्या कपाळावर आठी होती. तरुणाने मजुरी घेतली नाही. हेड पुन्हा फेस केले, गॅस्केट बदलले. गाडी देताना तो म्हणाला, "साहेब, काही वेगळे वाटले तर मला लगेच सांगा." हे वाक्य माझ्यासमोरच उच्चारले गेले. मी त्या वेळी गॅरेजच्या दारात उभा होतो.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी शेजारच्या शहरातील इस्पितळातून बोलावणे आले. आमच्यातील एक वृद्ध बाई अत्यवस्थ होत्या. अंतर सुमारे ३० मैल. आमची गाडी मुख्य धर्मगुरू घेऊन गेलेले. हेडमास्तर योगायोगाने तिथेच होते. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता किल्ली माझ्या हातावर ठेवली. ज्या गाडीला ते भाच्यांनासुद्धा हात लावू देत नसत, ती त्यांनी मला दिली.

पाऊस लागला होता. छत चढवलेले, काचा आतून धुरकटलेल्या. काच पुसली जावी म्हणून मी हीटर लावला. उबदार हवा येऊ लागली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला. साधारण वीस मैल गेल्यावर दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. गाडीत एक गोडसर वास पसरला, काकवी तापवल्यासारखा. आणि हीटरची हवा हळूहळू गार झाली. मी तापमानाच्या काट्याकडे पाहिले. काटा मध्याच्याही थोडा खालीच होता. म्हणजे इंजिन तापलेले नाही, असे मी स्वतःला समजावले आणि गाडी हाकीत राहिलो.

त्या बाईंची अखेरची भेट झाली. त्याबद्दल मला आजही समाधान आहे. परतताना पाऊस अधिकच वाढला, म्हणून मी सावकाश आलो. हवा गारच होती. रात्री उशिरा किल्ली परत करताना हेडमास्तरांनी विचारले, "कशी चालली?" मी म्हणालो, "फारच सुरेख." वास आणि गार हवा यांविषयी मी बोललो नाही. मनात वाटले, एवढ्या विश्वासाने दिलेल्या वस्तूची लगेच खोड कशाला काढावी? शिवाय दुसऱ्याची गाडी आपल्या हातून बिघडली असे कोण आपणहून म्हणेल?

पुढच्याच आठवड्यात गॅस्केट तिसऱ्यांदा गेले.

हेडमास्तर या वेळी गॅरेजमध्ये गेलेच नाहीत. गाडी त्यांनी घरच्या शेडमध्ये उभी केली. एका मोठ्या गॅरेजने सबंध इंजिनच बदला असे सांगितले व जी रक्कम सांगितली ती गाडीच्या किमतीहून जास्त होती. रविवारी चहाच्या वेळी हेडमास्तर आपल्या शाळेतल्या आवाजात म्हणाले, "तीनदा दिले, तिन्ही वेळा फसलो. या मुलाला काम येत नाही. किंवा येते पण करायचे नाही. दुसरे कारण असूच शकत नाही." सभागृहात चाळीस-पन्नास माणसे होती. तो तरुण कोपऱ्यात उभा होता. त्याने पेला खाली ठेवला, मुलीचे बोट धरले आणि तो निघून गेला.

लहान गावात काय किंवा लहान शहरात काय, कारागिराची अब्रू कामाच्या बोलण्यावर टिकते. महिन्याभरात त्याच्या कमानीखालची एक जागा रिकामी दिसू लागली. तो रविवारी येईनासा झाला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन येई, सर्वांत मागच्या बाकावर बसे आणि चहापूर्वी निघून जाई.

एकदा बस चालवणाऱ्या एका सद्‍गृहस्थाशी बोलता बोलता थंडीचा विषय निघाला. ते सहज म्हणाले, "इंजिन गरम असता हीटरची हवा गार झाली की गाडी तिथल्या तिथे थांबवावी. हीटरला गरमी येते ती इंजिनाच्या पाण्यातून. हवा गार, म्हणजे पाणी गेलेले." मी विचारले, "पण काटा वर नसेल तर?" ते हसले. "फादर, तापमान मोजणारी कळ पाण्यात बुडालेली असते. पाणीच नसेल तर ती काय मोजणार? अशा वेळी काटा खोटे बोलतो."

मी घरी आलो. माझ्या मनातील काटाही तोवर मध्यावरच होता, तो आता हलला. त्या रात्री तीस मैल जाताना इंजिनात पुरेसे पाणी नव्हते, हे मला कळून चुकले. ते तापले ते माझ्या हाताखाली. गॅस्केट आठवड्याने गेले खरे, पण त्याचा घात त्याच रात्री झाला असावा. आणि ज्याने "काही वेगळे वाटले तर सांगा" असे म्हटले होते, त्या माणसाला मी एक शब्दही बोललो नव्हतो.

तरीही मी लगेच उठून गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लिहिले पाहिजे. तीन रविवार मी गप्प राहिलो. पहिल्या रविवारी वाटले, आता सांगून काय उपयोग, गाडी तर बिघडलीच आहे. दुसऱ्या रविवारी वाटले, मी परका माणूस, हेडमास्तर काय म्हणतील? तिसऱ्या रविवारी त्या तरुणाची धाकटी मुलगी मागच्या बाकावरून चहाच्या टेबलाकडे पाहत होती. तिला बिस्किट हवे होते. आईने तिचा हात ओढून तिला बाहेर नेले. त्यानंतर मला गप्प बसवेना.

त्याच संध्याकाळी मी हेडमास्तरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, हे तुम्ही त्या मुलाला सांगितलेत काय?"

"नाही. आधी आपल्याकडे आलो. गाडी आपली."

"गाडी माझी, पण दोष त्याच्यावर आला. प्रथम त्याच्याकडे जायला हवे होते." एवढे बोलून त्यांनी कोट घातला. "चला, मलाही त्याला काही सांगायचे आहे."

कमानीखाली दिवा जळत होता. मी दारातच बोलू लागलो. मला वाटले, तो संतापेल, निदान दोन शब्द तरी बोलेल. तसे झालेच नाही. माझे बोलणे अर्ध्यावर आले असतानाच त्याने हातातला पाना खाली ठेवला व तो प्रश्न विचारू लागला. हवा सुरुवातीपासून गार होती काय? नाही, सुरुवातीला गरम होती. किती मैलांनी गार झाली? वीसएक मैलांनी. वेग किती होता? वास आधी आला की हवा आधी गार झाली? वास आधी. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "म्हणजे निघताना पाणी होते. ते वाटेत गेले. आणि गाडी तापल्यावरच गेले. फादर, गॅस्केटकडे पाहण्याआधी आपण हे विचारले पाहिजे होते. पाणी गेले कुठे?"

तेव्हा हेडमास्तर खाकरले. म्हणाले, "मलाही एक सांगायचे आहे. उन्हाळ्यापासून दर आठवड्याला मी टाकीत पेलाभर पाणी घालीत होतो. क्षुल्लक म्हणून बोललो नाही. खरे सांगायचे तर गाडीत खोट आहे हे मला कबूल करायचे नव्हते. फादर गाडी देऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दीड लिटर घालावे लागले. तेही मी बोललो नाही."

तरुण क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मीही चुकलो. दुसऱ्या वेळी मी पाण्याचा दाब तपासला तो इंजिन गार असताना. दाब टिकला, म्हणून निर्धास्त झालो. तापवून तपासायला तासभर लागला असता. माझ्यापाशी तो तास नव्हता."

वाचकहो, रोगाची खूण तिघांपाशी वाटून पडली होती. एकाला वासाची व गार हवेची माहिती, दुसऱ्याला पेलाभर पाण्याची, तिसऱ्याला अपुऱ्या तपासणीची. प्रत्येकाने आपला तुकडा खिशात ठेवला. आणि तिघांनी मिळून दोष दिला तो गॅस्केटला, व गॅस्केटमागून त्या मुलाला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. तरुणाने या खेपेस हेडला हात लावण्यापूर्वी पाण्याची सबंध वाट शोधायची ठरवली. रेडिएटर, रबरी होज, थर्मोस्टॅट, टाकीचे झाकण, सर्व एकेक करून पाहिले. झाकणाला आपण क्षुल्लक समजतो. वस्तुतः ते कुकरच्या शिट्टीचे काम करते. दाब राखला म्हणजे पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरते. झाकण सैल तर पाणी लवकर उकळते. पण झाकण चांगले होते. शेवटी त्याने गाडीच्या पोटाखालच्या त्या दोन लांब नळ्या सोडवल्या. मध्यावर एका ठिकाणी नळी गाडीला घट्ट राहावी म्हणून रबर लावलेला पट्टा होता. रबराखाली वर्षानुवर्षे रस्त्यावरचे खारे पाणी मुरले होते. थंडीत तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. वरून नळी ठीक दिसत होती. पट्टा काढताच तिथे तांबेरा दिसला.

त्याने नळीचे एक तोंड बंद केले, आत कढत पाणी भरले आणि पंपाने दाब दिला. तांबेऱ्यातून केसासारखी बारीक धार उडाली. छिद्र सुईच्या टोकाएवढे. दाब सोडताच धार थांबली आणि छिद्र कुठे होते तेही कळेना. गाडी धावताना धार उडे, वारा ते थेंब घेऊन जाई, गाडी उभी राहून निवली की गळती थांबे. शेडच्या फरशीवर कधी डाग पडला नाही तो यामुळे. एकेक पेला करून पाणी जाई, त्याची जागा हवा घेई, इंजिनात कुठेतरी हवेचा बुडबुडा अडके, तिथली धातू तापे, हेड वाके आणि गॅस्केट जळे. तीन गॅस्केटे जळली ती त्या एका छिद्रापायी.

पुढे मी त्या शहराच्या वाचनालयात या विषयावर थोडे वाचले, तेव्हा एक जुनी गोष्ट आढळली. ट्रायम्फ स्टॅग नावाची एक देखणी, चार आसनी उघडी गाडी १९७० साली बाजारात आली व १९७७ पर्यंत निघत राहिली. सुमारे २६,००० गाड्या विकल्या गेल्या. तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. ब्लॉक लोखंडी, हेडे अ‍ॅल्युमिनियमची. ती तापण्याबद्दल व गॅस्केटे जाण्याबद्दल इतकी बदनाम झाली की पुष्कळांनी तिचे इंजिन काढून दुसरे बसवले. कारणे पुष्कळ होती. पाण्याचा पंप इंजिनाच्या माथ्यावर बसवलेला, म्हणून पाणी थोडे कमी झाले तरी तो कोरडा पडे. काही ब्लॉकांत ओतकामाची वाळू उरलेली असे, ती पाण्याच्या वाटा बुजवी. योग्य द्रव न घातल्यास अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याचा गाळ रेडिएटरात बसे. ज्यांनी फक्त गॅस्केटे बदलली, त्यांना ती पुन्हा बदलावी लागली. ज्यांनी ब्लॉक आतून धुतले, रेडिएटर साफ केले आणि पाण्याची पातळी राखली, त्यांच्या स्टॅग गाड्या आजही रस्त्यावर धावतात. आमच्या हेडमास्तरांची गाडी तिच्याहून वेगळी, दोष वेगळा. पण धडा तोच.

आता पुढचे थोडक्यात सांगतो. हेड दोनदा फेस झाले होते. तिसऱ्यांदा घासायला त्यात जाडी उरली नव्हती. हेडमास्तरांनी दुसरे हेड आणवले. दोन्ही नळ्या गंज न लागणाऱ्या पोलादाच्या बसवल्या. नवे गॅस्केट, नवे बोल्ट. पाणी भरताना तरुणाने एकेक ठिकाणची हवा सावकाश काढली. इंजिन सुरू केले, रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत तापू दिले, हीटरवर हात धरून हवा गरम येते याची खात्री केली, निवू दिले, पुन्हा पातळी पाहिली. असे तीनदा केले. मी शेजारी उभा राहून दिवा धरला होता. मी पैसे देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, "गॅस्केटचे तेवढे द्या, फादर. तिसरे तुमचेच होते." तिघेही हसलो. किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडावर ते ओशाळे हसू मी पाहिले.

त्यानंतरच्या रविवारी चहाच्या वेळी हेडमास्तर उठले. सभागृह शांत झाले. ते म्हणाले, "याच जागी मी एका कारागिराविषयी खोटे बोललो. मला ते खोटे आहे हे ठाऊक नव्हते, पण विचारण्याचे कष्टही मी घेतले नाहीत. काम त्याला येते. ऐकणे मला आले नाही." त्यांच्यानंतर मी उभा राहिलो आणि माझा तुकडा सांगितला. माझे इंग्रजी त्या दिवशी फार अडखळले. बोलून झाल्यावर पाहतो तो त्या तरुणाची बायको मागच्या बाकावरून उठून टेबलापाशी आली होती, आणि मुलीच्या दोन्ही हातांत एकेक बिस्किट होते.

२०१७ साली मी भारतात परतलो, तोवर त्या गाडीचे गॅस्केट पुन्हा गेले नव्हते. हेडमास्तर टाकीतले पाणी दर शनिवारी पाहत आणि वहीत टिपून ठेवीत. पातळी तसूभर उतरली तरी कमानीखाली जाऊन सांगत.

असो. आपल्या गावांत दोन आसनी स्पोर्ट्स कार नाहीत. पण ट्रॅक्टर आहेत, पाणी उपसणारी डिझेल इंजिने आहेत, जीपगाड्या आहेत, आणि गॅस्केट सर्वांनाच असते. म्हणून दोन शब्द. इंजिन तापले तर ताबडतोब बंद करावे. काट्यावर विसंबू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, अंग भाजते; आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. पाणी वारंवार घालावे लागत असेल तर ते लपवू नये, मिस्त्रीला सांगावे. गॅस्केट दुसऱ्यांदा गेले तर तिसरे आणण्यापूर्वी पाण्याची सबंध वाट तपासावी, तीही इंजिन तापवून. आणि मिस्त्रीला शब्द लावण्यापूर्वी आपल्या खिशात एखादा तुकडा राहिला आहे काय, हे चाचपून पाहावे.

त्या ट्रॅक्टरचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दोघे त्याच संध्याकाळी शेतावर गेले. मालकांच्या मुलाने सांगितले की रेडिएटरमध्ये तो रोज दोन तांबे पाणी घालीत असे. वडील रागावतील म्हणून बोलला नव्हता. आता मिस्त्री पाण्याच्या पंपाचे सील उघडून बघत आहे.